माणूस उठून दिसावा म्हणून

लग्नाच्या मांडवात, बाजारात, फोनवर, एकच प्रश्न येतो: "तुमच्या फोटोत माणूस असा उठून कसा दिसतो? कॅमेरा कोणता वापरता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी माणसाकडं नंतर बघतो. आधी त्याच्या पाठीमागं काय आहे ते बघतो.

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात एका आजींचा फोटो काढायचा होता. नातवानं अंगणात खुर्ची मांडून ठेवलेली. मागं विजेचा खांब, दोरीवर वाळत घातलेले कपडे, निळी प्लास्टिकची टाकी आणि मोटारसायकल. आजी इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून बसलेल्या. मी खुर्चीभोवती फिरत राहिलो, तशा त्या म्हणाल्या, "काय शोधायलास रं?"

"जागा शोधायलोय, आजी."

"मी बसलेय की जागंवर!"

शेवटी त्यांचं जुनं माळवदाचं घर उपयोगी आलं. उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर त्यांना अंगणाकडं तोंड करून बसवलं आणि मी बाहेर थांबलो. अंगणातला उजेड थेट चेहऱ्यावर, पण ऊन नाही. पाठीमागं खोलीतला अंधार, त्यात उतरंडीच्या कडा जेमतेम दिसणाऱ्या. खुर्ची थोडी तिरपी केली, तशी उजेडाची बाजू बदलली आणि गालावरची एकेक सुरकुती वर आली. खांब नाही, टाकी नाही. आजी आणि त्यांचं घर, एवढंच.

यामागचं कारण साधं आहे. नजर आधी चित्रातल्या सगळ्यात उजळ आणि भडक जागेवर जाते. ती जागा निळी टाकी असेल, तर चेहऱ्याला दुसरा नंबर मिळतो. शिवाय कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडावर आणू बघतो. चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीपुढं उन्हातान्हात राबलेला सावळा माणूस उभा केला, की कॅमेरा भिंतीला घाबरून सगळंच काळवंडवतो. मग लोक म्हणतात, "चेहरा जरा गोरा करून द्या." चेहऱ्यात काही कमी नव्हतं हो, भिंत चुकली होती! अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवावं लागतं. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उलटं होतं. चेहरा पांढराफटक पडतो, म्हणून कमी करावं लागतं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते वरखाली सरकवा. डोक्याला पांढरी टोपी किंवा फेटा असेल, तर त्याच्या चुण्या पांढऱ्यात हरवत नाहीत ना, एवढं बघा.

मराठवाड्यात आपल्याकडं गढ्यांच्या, वाड्यांच्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत. पोर्ट्रेटसाठी याहून चांगला पडदा मला माहीत नाही. फक्त माणसाला भिंतीला टेकवू नका. पाच-सहा फूट पुढं आणा, म्हणजे दगडांचे सांधे विरघळतात आणि चेहरा धारदार राहतो. मोबाइल तोंडाजवळ नेला तर नाक मोठं दिसतं. त्यापेक्षा मागं सरका आणि दोन पट झूम वापरा.

बीबी का मकबऱ्यापुढं तर हमखास चुकतं. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची कबर असलेली ती वास्तू. लोक माणसाला ऐन मध्यभागी, दूर तिच्या पायथ्याशी उभं करतात. माणूस मुंगीएवढा, डोक्यातून घुमट उगवलेला आणि मागच्या पांढरेपणानं तोंड काळं. माणसाला स्वतःकडं बोलवा, कंबरेच्या वर घ्या, दोन पावलं बाजूला सरका. एखादा मिनार मागं पुसट दिसला तरी ठिकाण ओळखू येतं. दुपार असेल तर प्रवेशद्वाराच्या कमानीची सावली गाठा.

पण पार्श्वभूमी नेहमी रिकामीच हवी असंही नाही. पैठणला हातमागावर बसलेल्या विणकराला उठवून कोऱ्या भिंतीपुढं नेणं मला पटत नाही. ताणलेले रेशमी धागे नजर आपसूक त्याच्या चेहऱ्याकडं नेतात. ज्याला त्या माणसाचा हात रोज लागतो ते मी चौकटीत ठेवतो.

बाकीचं हाताला सवयीनं येतं. डोळे चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, कॅमेरा त्यांच्याच उंचीवर. नजर जिकडं, तिकडं थोडी मोकळी जागा. मनगटावर किंवा गुडघ्यावर चौकट कापू नये. शेतात बांधाची रेघ गळ्यातून जाऊ देऊ नये.

मी याबद्दल इतकं आग्रहानं का बोलतो? घरातलं माणूस गेल्यावर लोक माझ्याकडं फोटो मोठा करायला आणतात. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी लग्नातला असतो. गर्दीतून चेहरा कापून काढावा लागतो, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहतो. पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाचा एकही नीट फोटो घरात नसतो. तो जिवंतपणी, त्याच्या स्वतःच्या दारात निघायला हवा होता.

कॅमेरा विचारलात, तर जुनाच आहे, त्यावर ५० एमएमची एफ १.८ लेन्स. आजींचा फोटो मात्र नातवानंही त्याच दारात, माझ्याच जागेवर उभं राहून मोबाइलवर काढला. त्यांनी भिंतीवर तोच लावलाय.