टोलची चिल्लर

परवा दुपारी ठाण्याहून मुंबईत शिरताना मुलुंडच्या टोलनाक्यापाशी हात आपसूक गिअरपुढच्या खणात गेला. पंचेचाळीस रुपये. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोल माफ झालाय, हे हाताला अजून कळलेलं नाही. खणातली चिल्लर मी भाजीवालीलाही देत नाही. ती टोलची आहे.

हा रोग मामाकडून आला. मामा सिंगापूरला असायचा. तिथे रस्त्यावर आडवी कमान; तिच्याखालून गेलं की काचेजवळची डबी 'टिंग' करायची आणि कार्डातले पैसे जायचे. किती जायचे, हे अर्ध्याअर्ध्या तासाने बदलायचं. त्यामुळे जेवायला शहरात निघालो, की कमानीच्या अलीकडे मामा गाडी कडेला घेणार. आम्ही भुकेने कळवळतोय, मामी म्हणतेय, "अहो, डॉलरभरासाठी?" मामा नुसतं मनगट वर करून घड्याळ दाखवायचा.

तिथला टोल गर्दी कमी करण्यासाठी; आपला पुलांच्या खर्चासाठी होता. गर्दी कमी करणं लांबच, नाक्यावरच ती व्हायची. आपण तो काढला आणि तीन महिन्यांच्या आत न्यूयॉर्कने मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला यायला मोटारींना नऊ डॉलर लावले. रात्री नऊनंतर सव्वादोन. म्हणजे मामा तिथेही कडेला थांबला असता.

पण मामाची खरी गंमत कमानींच्या आधीची. १९७५ पासून सिंगापूरला सकाळी शहरात शिरायला काचेवर कागदी परवाना लावावा लागे, सुरुवातीला दिवसाला तीन डॉलर. गाडीत चौघं असतील तर मात्र फुकट. मामा बसस्टॉपवर थांबून अनोळखी माणसं उचलायचा! एक चिनी म्हातारी तर रोजची झाली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नसे, पण त्यांच्या नववर्षाला ती न चुकता दोन संत्री द्यायची. मामाने तिला दिवाळीत चकल्या दिल्या होत्या. तिने त्या खाल्ल्या की नाही, देव जाणे.

टोल गेला तरी परवा नाक्यापुढे सगळं तुंबलेलंच होतं. डावीकडच्या गाडीत एक जण, उजवीकडच्या गाडीत एक जण, मधे मी. रस्त्याकडेला बसची वाट बघत छत्रीतली एक बाई.

१९८९ मध्ये सिंगापूरची ती चौघांची सवलत बंद झाली. त्यानंतर म्हातारी कशी जायची, हे मामाला विचारायचं राहून गेलं.