संकष्टीच्या चौकोनातलं रीडिंग

काकूंनी कापडी पिशवीतून दोन वर्षांची कालनिर्णयं काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. एक 2020 चं, एक 2021 चं. दर महिन्याच्या संकष्टीच्या चौकोनात, चंद्रोदयाच्या वेळेखाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात पाच आकडे लिहिलेले होते. "काकांची सवय," त्या म्हणाल्या. "ते संकष्टीला जिन्याखालचा मीटर बघायचे. तारीख विसरायला नको म्हणून. ते गेल्यावर मी सुरू ठेवलं."

मी पश्चिम लंडनमध्ये, हाउन्स्लो भागातल्या एका सल्ला केंद्रात काम करते. घरभाडं, कर्ज, सरकारी भत्ते, वीज-गॅसची बिलं असलं सगळं आमच्याकडे येतं. 2021 च्या शरद ऋतूत मात्र दुसरं काही येतच नव्हतं. गॅसचे घाऊक भाव आभाळाला भिडले, आणि ज्या लहान वीज-गॅस कंपन्यांनी गिऱ्हाइकांना स्वस्त ठरावीक दर देऊन ठेवले होते, पण पुढच्या महिन्यांचा गॅस आधी घेऊन ठेवला नव्हता, त्या एकामागून एक कोसळल्या. वर्षभरात 29 कंपन्या बुडाल्या, चाळीस लाखांच्या आसपास घरं त्यात सापडली. काकूंचं घर त्यातलंच एक.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. आदल्या रात्री मुलाने कॅनडाहून फोन करून सांगितलं होतं की तुझी कंपनी बुडाली. रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या. थर्मासमध्ये पाणी गरम करून ठेवलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्यांची दोन पाकिटं आणली होती. 1971 साली लग्न होऊन कोल्हापूरहून त्या इथे आल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारीत खाण कामगारांच्या संपात आळीपाळीने वीज जायची ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे मेणबत्त्या घेताना त्यांना काही वावगं वाटलं नाही.

"वीज कधी तोडणार गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"तोडणार नाहीत, काकू. तुमच्या घरात येणारी तार त्या कंपनीची नाहीच."

ही गोष्ट आपल्या माणसांना समजावताना मला नेहमी थांबावं लागतं. आपल्या डोक्यात खांब, तार, मीटर आणि बिल सगळं एकाच मंडळाचं असतं. ब्रिटनमध्ये तारा आणि नळ्या सांभाळणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, आणि आपल्याला बिल पाठवणारी कंपनी फक्त बाजारातून वीज-गॅस घेऊन आपल्याला विकते. ती बुडाली तरी बटण दाबलं की दिवा लागतो. ऑफजेम ही इथली नियामक संस्था थोड्या दिवसांत दुसरी कंपनी नेमते आणि सगळी गिऱ्हाइकं तिकडे जातात. आपल्याला अर्ज करावा लागत नाही.

काकूंनी ऐकलं, मान हलवली, मग हळूच विचारलं, "आणि माझे पैसे? दर महिन्याला बँकेतून शहाण्णव पौंड जातात. उन्हाळ्यात मी वापरतच नाही एवढं. म्हणजे भिशीवाला पळाला असंच म्हणायचं ना?"

खरं म्हणजे फार नेमकं बोलल्या त्या. इथे वर्षभराचा हप्ता सारखा ठेवतात. उन्हाळ्यात जमा साठते, हिवाळ्यात ती संपते. कितीतरी कंपन्या ही साठलेली जमाच खेळतं भांडवल म्हणून वापरत होत्या. लोकांच्या पैशांवर धंदा आणि धंदा बुडाला की हात वर, याचा मला आजही संताप येतो. काकूंच्या भावाची आयुष्याची पुंजी अशाच एका पतसंस्थेत गेली होती, त्यामुळे त्यांच्या आवाजातली भीती मला कळत होती. पण इथे एक मोठा फरक आहे, आणि तो मी त्यांना दोनदा सांगितला: घरगुती गिऱ्हाइकाची जमा ऑफजेमच्या व्यवस्थेत सुरक्षित असते. नवी कंपनी ती आपल्या खात्यावर घेते. (ते पैसे शेवटी सगळ्या देशाच्या बिलांमधून वसूल होतात. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने पुढे 2022 मध्ये हिशोब मांडला तेव्हा या सगळ्याचा भार दर घरामागे 94 पौंडांच्या आसपास निघाला.)

मग त्यांना करायच्या गोष्टी सांगितल्या. आजच मीटर बघा. जुनी बिलं फेकू नका. बँकेतला हप्ता घाईने बंद करू नका, नवं खातं लागेपर्यंत थांबा. स्वतःहून दुसरीकडे उडी मारू नका, नाहीतर जमा रकमेचा हिशोब दोन ठिकाणी अडकतो. नवी कंपनी पत्राने संपर्क करेल. तिचा दर नाही पटला तर नंतर दंड न भरता बदलता येतं. थकबाकी असती तर ती माफ होत नसते, हेही सांगितलं, पण ते काकूंना लागू नव्हतं. आणि फोन करून कोणी "मी तुमच्या नव्या कंपनीतून बोलतोय, बँकेचा नंबर सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. त्या आठवड्यात असे फोन आमच्या तीन गिऱ्हाइकांना आले होते.

एक वाईट बातमीही द्यावी लागली. त्यांचा ठरावीक स्वस्त दर कंपनीबरोबरच गेला. आता कवच फक्त ऑफजेमने ठरवलेल्या कमाल दराचं, म्हणजे 1 ऑक्टोबरपासून सरासरी वापराच्या घराला वर्षाला 1,277 पौंड.

संध्याकाळी चारला त्यांचा फोन आला. जिन्याखालच्या कपाटात गुडघ्यावर बसून, एका हातात टॉर्च धरून त्या मला मीटर वाचून दाखवत होत्या. "चार… एक… तीन… आठ… सहा. आणि पुढे एक लाल आहे, तो फिरतोय."

"लाल सोडा. काळे पाचच."

मी ते आकडे आणि वेळ त्यांच्या फाइलवर लिहून ठेवली. शेजारच्या मुलाला बोलावून त्यांनी फोटोही काढून घेतला.

नोव्हेंबरमध्ये जुन्या कंपनीचं अखेरचं बिल आलं. गॅसचा आकडा ठीक होता. विजेचं रीडिंग मात्र 43,216, शेजारी इंग्रजी "ई", म्हणजे अंदाजे. जमा शिल्लक 61 पौंड. काकूंनी ते निमूटपणे मान्य केलं असतं. "कंपनीने लिहिलंय म्हणजे तसंच असेल" असं त्या म्हणालेही. पण माझ्या फाइलमध्ये 41,386 होतं. 1,830 युनिटांचा फरक. युनिटला 17 पेन्स आणि वर व्हॅट धरला तर सव्वातीनशे पौंडांहून जास्त.

कसं झालं ते बिलांच्या गठ्ठ्यातून दिसलं. मार्च 2020 नंतर लॉकडाउनमुळे मीटर वाचायला कोणी आलंच नाही. कंपनी अंदाज करत राहिली, आणि अंदाज बेतला होता काकांच्या शेवटच्या हिवाळ्यावर. तेव्हा त्यांच्या खोलीत विजेचा हीटर दिवसरात्र चालू असायचा. काका त्या वसंतात गेले. हीटर बंद झाला, बिल मात्र चालू राहिलं.

नव्या कंपनीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, एका फोटोवरून आम्ही कसं मानायचं? मीटर मध्येच बदलला असेल, फोटो दुसऱ्या घराचा असेल. त्यांचंही चूक नव्हतं. तेव्हा मी काकूंना विचारलं, आधीचं काही लिहून ठेवलंय का हो?

"कालनिर्णयात आहे की सगळं."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी आली. 2020 च्या मार्चपासून एकही संकष्टी चुकलेली नव्हती. कंपनी बुडण्याआधीची शेवटची नोंद 24 सप्टेंबर 2021 ची, 41,371. म्हणजे फोनवर वाचलेल्या आकड्याच्या आधीच्या थोड्या दिवसांत 15 युनिटं, रोजची तीनच्या आसपास. एकट्या बाईचं घर आहे हे त्या आकड्यांवरून कोणालाही दिसलं असतं. मी दीड वर्षाची पानं एकेक करून स्कॅन केली, तारखांचं इंग्रजी भाषांतर केलं, "संकष्टी" म्हणजे काय तेही दोन ओळींत लिहिलं आणि तक्रार म्हणून पाठवलं. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या लोकपालाकडे जाऊ, हेही लिहिलं.

त्याच आठवड्यात भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण आला होता, नाशिकचा. त्याच्याकडे ना फोटो, ना एकही रीडिंग. त्याच्या अंदाजे बिलातली शंभरेक पौंडांची रक्कम मला सोडवता आली नाही. ते मला अजून लागून आहे.

काकूंचं दुरुस्त बिल जानेवारीत आलं. जमा 387 पौंड. परत मागायचे का, असं मी विचारलं. त्या थोडा वेळ पत्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, राहू दे खात्यात, एप्रिलमध्ये दर आणखी वाढणार म्हणतात. वाढलाच, कमाल दर वर्षाला 1,971 पौंडांवर गेला. पिशवीतून त्यांनी 2022 चं नवं कालनिर्णय काढून दाखवलं. जानेवारीच्या संकष्टीचा आकडा त्यात आधीच लिहिलेला होता.