तुम्ही विचारलंत म्हणून: प्रायश्चित्त करायचे राहून गेले तर?

आमचा कॅथोलिक धर्मशिक्षणाचा वर्ग संपतो, सगळे दाराकडे वळतात आणि कोणीतरी एकजण मागे रेंगाळतो. खुर्च्या सरळ करण्याचे निमित्त काढून, बाकीचे पुरेसे लांब गेले आहेत याची खात्री झाली, की हलक्या आवाजात प्रश्न येतो: “बाई, मागच्या कन्फेशनला फादरांनी प्रायश्चित्त सांगितलं होतं, ते करायचं राहूनच गेलं. आता ते कन्फेशन फुकट गेलं का? सगळं पुन्हा सांगायला लागेल का?” विचारणारे कधी साठी ओलांडलेले असतात, कधी नुकताच बाप्तिस्मा घेतलेले तरुण, आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच खाली गेलेला असतो. त्या आवाजातली भीती माझ्या ओळखीची आहे, कारण ती घेऊन मीही एकदा काही दिवस काढले आहेत. मी धर्मगुरू नाही, पण अनेक वर्षे हा विषय प्रौढांना शिकवते आहे. म्हणून दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहिते.

नाही, ते कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपली पापे सांगून क्षमा मागण्याचा पापनिवेदनाचा संस्कार, फुकट गेलेला नाही. प्रायश्चित्त म्हणजे त्या वेळी त्यांनी करायला सांगितलेली प्रार्थना किंवा कृती. धर्मगुरू पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने क्षमेचे शब्द उच्चारतात त्या क्षणी क्षमा मिळते. त्या क्षणी आपल्याकडून अपेक्षित असते ते मनापासूनचा पश्चात्ताप, गंभीर पापांचे प्रामाणिक निवेदन आणि सांगितलेले प्रायश्चित्त करण्याची इच्छा. ती इच्छा तेव्हा खरी असेल, तर नंतर झालेली विस्मृती मागे जाऊन ती क्षमा पुसून टाकू शकत नाही. प्रायश्चित्त पार पाडल्याने संस्काराला पूर्णत्व येते हे खरे, पण ते राहिले म्हणून क्षमा रद्द होत नाही. त्यामुळे सांगून झालेली पापे पुन्हा सांगण्याचे कारण नाही, आणि केवळ प्रायश्चित्त बाकी आहे म्हणून कम्युनियनपासून, म्हणजे मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीपासून, दूर राहण्याचेही कारण नाही.

एवढ्याने बहुतेकांचे समाधान होत नाही, आणि ते मला योग्यच वाटते. प्रायश्चित्ताशिवायही क्षमा टिकत असेल तर मग ते सांगतात तरी कशाला, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला ख्रिस्तसभेच्या इतिहासात सापडले. आरंभीच्या शतकांत हा क्रम उलटा होता. श्रद्धात्याग, हत्या, व्यभिचार अशी पापे करणाऱ्याने आधी सर्वांसमक्ष प्रायश्चित्त करायचे आणि ते पुरे झाल्यावरच बिशपांनी त्याचा समेट घडवून त्याला पुन्हा वेदीपाशी येऊ द्यायचे, अशी रीत होती. सन ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या नायसिया परिषदेचा अकरावा नियम वाचताना माझा श्वास अडकला होता: कोणतीही सक्ती किंवा संकट नसताना ज्यांनी श्रद्धा सोडली, त्यांनी तीन वर्षे केवळ श्रवण करणाऱ्यांत उभे राहावे, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत राहावे आणि त्यानंतर आणखी दोन वर्षे प्रार्थनेत सहभागी व्हावे, पण अर्पणात, म्हणजे कम्युनियनमध्ये, नाही. एकूण बारा वर्षे. अशा व्यवस्थेत प्रायश्चित्त विसरणे शक्यच नव्हते, कारण ते संपेपर्यंत दार उघडत नव्हते.

सातव्या शतकात आयर्लंडच्या मिशनरी मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. पापी आणि धर्मगुरू यांच्यातच, गुप्तपणे, आणि आयुष्यात पुन्हा पुन्हा हा संस्कार घेता येऊ लागला. मग हळूहळू, पहिल्या सहस्रकाच्या अखेरीच्या सुमारास, क्षमा आधी आणि प्रायश्चित्त नंतर हा आजचा क्रम रूढ झाला. हा क्रम म्हणजे ढिलाई आहे, क्षमा आधी देणे हा गैरवापर आहे असे म्हणणारे कठोर लोकही पुढे निघाले. १६९० मध्ये पोप आठवे अलेक्झांडर यांच्या काळात रोमने जॅन्सेनवादी, म्हणजे कॅथोलिकांतल्याच एका कठोर विचारप्रवाहाच्या, मतांची जी यादी अमान्य ठरवली, तिच्यात हे मतही होते. म्हणजे तुम्हाला सतावणारा हा प्रश्न मुळात निर्माण होऊ शकतो तो ख्रिस्तसभेने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. तुम्ही “करीन” म्हटलेत आणि तेवढ्यावर तुम्हाला मोकळे करून घरी पाठवले गेले. विसरण्याची मुभा त्या विश्वासातूनच आली आहे. मला या गोष्टीचे आजही फार वाटते.

पण शब्द दिला आहे, हेही तितकेच खरे. १९८३च्या कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, संहितेतील ९८१वे कलम धर्मगुरूंना सांगते की पापांचे स्वरूप व संख्या आणि पापनिवेदन करणाऱ्याची परिस्थिती पाहून हितकारक व योग्य असे प्रायश्चित्त द्यावे. आणि त्याच कलमात पुढे आहे की ते स्वतः पार पाडणे हे पापनिवेदन करणाऱ्याचे कर्तव्य आहे. स्वतः, हा शब्द महत्त्वाचा. घरातल्या देवभोळ्या माणसाने आपल्या वाटच्या पाच ‘नमो मरिया’ (मरियेच्या प्रार्थना) म्हणून टाकल्या, असे चालत नाही. ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५९व्या परिच्छेदात कारण दिले आहे: क्षमेने पाप जाते, पण पापाने जे विस्कटले ते सगळे आपोआप जागेवर येत नाही, उठून उभ्या राहिलेल्या माणसाला पूर्ण आत्मिक आरोग्य अजून मिळवायचे असते. प्रायश्चित्त म्हणजे क्षमेची किंमत नव्हे, ती किंमत आपल्यापैकी कोणालाच परवडणारी नाही. क्षमा मिळालेल्या माणसाने बरे होण्यासाठी टाकलेले ते पहिले पाऊल आहे.

आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझे आणि माझ्या सख्ख्या भावाचे बोलणे बंद होते. पापनिवेदनात मी मनातला कडवटपणा सांगितला, त्याच्याबद्दल चारचौघांत जे बोलले होते तेही सांगितले. धर्मगुरू म्हणाले, “सात रात्री, झोपण्याआधी, भावाचं नाव मनात घेऊन एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. सावकाश म्हणा.” तीन रात्री मी म्हटले. चौथ्या रात्री घरात आजारपण आले, जागरणे सुरू झाली, आणि ती प्रार्थना माझ्या डोक्यातून पूर्णपणे गेली. महिनाभराने रविवारच्या मिस्सेत सगळ्यांबरोबर तीच प्रार्थना म्हणताना, आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर माझे ओठ थांबले. शेजारच्या बाईंचा आवाज पुढे गेला आणि मी उघडे तळहात तसेच धरून उभी राहिले. मला दुःख झाले नाही, भीती वाटली. मधल्या रविवारी घेतलेली कम्युनियन आठवली. त्या दिवशी मी रांगेत गेलेच नाही, बाकावर बसून राहिले, आणि आज कळते की ते आवश्यक नव्हते.

पुढच्या शनिवारी मी वेगळ्या धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला गेले आणि महिन्यापूर्वी सांगितलेली सगळी पापे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी मला थांबवले. “हे सगळं सांगून झालंय ना? क्षमा मिळाली आहे ना? मग देवाने सोडून दिलेलं तुम्ही परत उचलून का आणताय?” मी प्रायश्चित्ताचे सांगितले. त्यांनी विचारले, “किती रात्री राहिल्या?” मी म्हटले, “चार.” ते म्हणाले, “मग त्या चार रात्री म्हणा.” त्या वेळच्या नव्या पापांसाठी त्यांनी वेगळे प्रायश्चित्त दिले, पण जुन्याबद्दल त्यांना याहून अधिक काही म्हणायचे नव्हते. विसरलेल्या प्रायश्चित्ताबद्दल मला मिळालेले हे सर्वात नेमके मार्गदर्शन आहे आणि मी ते जसेच्या तसे पुढे देते: आठवेल तेव्हा, राहिले असेल तिथून करा.

खरी अडचण येते ती काय सांगितले होते तेच आठवत नसेल तेव्हा. लोक अशा वेळी एक जपमाळ म्हणतात आणि फिटंफाट झाली असे मानतात. जपमाळ म्हणणे चांगलेच, पण सांगितलेले प्रायश्चित्त आपल्या मनाने बदलण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तो धर्मगुरूंना असतो, आणि तोही संस्काराच्या चौकटीत. म्हणून पुढच्या पापनिवेदनात साध्या शब्दांत सांगावे की मागचे प्रायश्चित्त विसरले, काय होते तेही आठवत नाही. धर्मगुरू त्याऐवजी दुसरे देतील. तेच धर्मगुरू चर्चच्या आवारात भेटले म्हणून त्यांना गाठून “मला काय सांगितलं होतं?” असे विचारू नये, असे मला वाटते. पापनिवेदनाची गोपनीयता त्यांच्यावर इतकी कडक बंधनकारक आहे की बाहेर त्या विषयाला हात घालणे त्यांना अवघड जाते. शिवाय इतक्या जणांचे ऐकणाऱ्याला तुमचे नेमके आठवेलच असे नाही. जे सांगितले ते करणे खरोखरच शक्य नसेल, उदाहरणार्थ ज्याची माफी मागायची तो माणूसच सापडत नसेल, तर तेव्हाही हाच मार्ग आहे.

काही प्रायश्चित्ते मुळातच अशी असतात की ती झाली की नाही हे कळत नाही. “या आठवड्यात कोणाशी तरी प्रेमाने वागा” असे सांगितले, तर मोजायचे कसे? माझा सल्ला असा की अशा वेळी तिथेच नम्रपणे विचारून घ्यावे: “फादर, नेमकं काय करू?” १९७३च्या प्रायश्चित्तविधीत, म्हणजे या संस्काराच्या विधिपुस्तकात, प्रायश्चित्त हे पापावरचे औषध असावे आणि जीवन नवे करायला मदत करणारे असावे अशी अपेक्षा आहे, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये लिहिले की ते केवळ म्हणायच्या ठरावीक वाक्यांपुरते उरू नये. त्यामुळे धर्मगुरू प्रार्थनेऐवजी कृती सांगतात हे चांगलेच आहे, पण ती कृती आपल्याला समजलेली असली पाहिजे.

विसरणे आणि टाळणे यांत मात्र मी गल्लत होऊ देणार नाही. विसरण्यात इच्छा नसते, म्हणून त्यात पाप नाही. आज नको, उद्या बघू, असे म्हणत जाणीवपूर्वक प्रायश्चित्त सोडून देणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती पुढच्या पापनिवेदनात सांगायला हवी. गंभीर पापासाठी दिलेले गंभीर प्रायश्चित्त मुद्दाम टाळले असेल तर तो दोषही गंभीर होतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चोरलेले परत करणे, खोटे बोलून घालवलेली कोणाची अब्रू शक्य तितकी भरून देणे, ही जबाबदारी प्रायश्चित्तातून निर्माण होत नाही. ती न्यायातूनच येते. धर्मगुरूंनी तीन ‘नमो मरिया’ सांगितले म्हणून दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे ठेवता येत नाहीत. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले तेव्हा त्याला कोणी प्रायश्चित्त सांगितलेले नव्हते.

ज्यांना सतत वाटते की आपले काहीतरी राहिले, केले पण मन लावून केले नाही, म्हटले पण एक ‘नमो मरिया’ कमी म्हटले, त्यांच्याशी मी वेगळ्या स्वरात बोलते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मानरेसाला असताना याच यातनेतून गेले. लेखी, सविस्तर पापनिवेदन करूनही काही सुटले असे त्यांना वाटत राहिले. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने सांगा, असे त्यांना सांगण्यात आले. पण त्यांना तर सगळेच स्पष्ट वाटत होते, त्यामुळे त्याचाही उपयोग झाला नाही. अशा माणसाने प्रायश्चित्त केल्याचे अंधूक जरी आठवत असले तरी ते झाले असे धरून चालावे, पुन्हा करू नये, आणि एकाच धर्मगुरूंचा सल्ला घेऊन तो पाळावा. भीतीपोटी केलेली उजळणी औषधाचे काम करत नाही.

गेल्या वर्षी मागे रेंगाळलेल्या एका बाईंनी स्वतःबद्दल विचारलेच नाही. त्यांच्या आईने पापनिवेदन केले आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. प्रायश्चित्त काय होते ते कोणालाच ठाऊक नाही, झाले की नाही तेही नाही. “तिचं मी करू का?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना नायसियाच्याच तेराव्या नियमाबद्दल सांगितले: बारा वर्षांचे प्रायश्चित्त ठरवणाऱ्या त्याच परिषदेने म्हटले आहे की मरणाच्या दारातल्या माणसाला शेवटच्या वाटेची शिदोरी म्हणून दिले जाणारे कम्युनियन नाकारू नये, प्रायश्चित्त पुरे झालेले नसले तरी. तुमच्या आईला क्षमा मिळाली आहे, असे मी म्हटले. तिचे प्रायश्चित्त तिच्या जागी तुम्हाला करता येणार नाही, पण तिच्यासाठी प्रार्थना करता येते, तिच्या नावाने मिस्सा अर्पण करवून घेता येते, आणि ख्रिस्तसभा मृतांसाठी ते पहिल्यापासून करत आली आहे. बाईंनी पर्समधून छोटी वही काढली, आईचे पूर्ण नाव लिहिले आणि मिस्सेची नोंद करायला पॅरिशचे ऑफिस किती वाजता उघडते ते विचारले.