भट्टीचा धूर, आणि माझ्या वर्कशॉपचं लाकूड

आमच्या काकांची काजूच्या बोंडांच्या रसापासून फेणी गाळायची भट्टी आहे गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडी आत, आणि माझं फर्निचरचं वर्कशॉप त्याच वाटेवर. त्यामुळे वर्षभर साठलेले रिपांचे तुकडे, फळ्यांची कातरणं, जुनी दारं-चौकटी काढल्या तर त्या, सगळं मार्चमध्ये पिकअपमध्ये भरायचं आणि काकांकडे नेऊन ओतायचं असं बरीच वर्षं चाललं होतं. काकांना फुकट जळण, मला जागा मोकळी.

गेल्या सीझनला एक दिवस शेजारच्या घरातली सून आली. भांडायला नाही आली. तिने फक्त विचारलं, काका, भट्टी संध्याकाळी कितीला विझते, म्हणजे तेवढा वेळ आईंना अंगणात बसवता येईल. तिच्या सासूबाईंना दमा आहे, आणि भट्टी पेटली की एप्रिलच्या उकाड्यात त्या दारं-खिडक्या लावून आत बसायच्या हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या धुरातला निम्मा धूर माझ्या लाकडाचा होता. तेव्हापासून वर्षभर मी याच एका गोष्टीच्या मागे आहे, आणि यंदा भट्टी पेटल्यावर धुराड्यातून वर फक्त हवा थरथरताना दिसते, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मला जे नीट समजायला वेळ लागला ते सांगतो. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. लाकूड तापलं की २००-३०० डिग्रीच्या आसपास त्यातून वायू आणि डांबरासारखे पदार्थ सुटायला लागतात, सुक्या लाकडाच्या वजनाचा ७०-८० टक्के भाग असाच वायू होऊन निघतो, मागे उरतो तो कोळसा. आपण जो जाळ बघतो तो या वायूंचा जाळ. ते पूर्ण जळायला साधारण ६०० डिग्रीच्या वर उष्णता लागते, पुरेशी हवा लागते आणि हवेत मिसळायला थोडा वेळ आणि जागा लागते. यातलं एक जरी कमी पडलं तरी ते वायू तसेच वर जातात, थंड होतात, आणि तोच आपला पांढरा जाड धूर. धूर काळा असेल तर बहुतेक वेळा हवा कमी पडतेय, नाहीतर आत राळेचं लाकूड किंवा प्लास्टिक गेलंय.

आता भट्टीची खरी अडचण. भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या तांब्याच्या भांड्याखाली, धग मंद आणि एकसारखी लागते, जाळ जास्त झाला तर आतला रस उतू जातो आणि सगळी खेप खराब होते. म्हणून जुनी पद्धत अशी की मोठे ओंडके घालायचे आणि तोंडाशी पत्रा लावून हवा दाबायची, मग ते तासन् तास धुमसत राहतात. काका चाळीस वर्षं हेच करत आले आणि त्यांची हुर्राक, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली हलकी दारू, उत्तम होते, त्यात वाद नाही. पण धुराचं मूळ नेमकं हेच आहे, कारण लाकूड तापलेलं असतं, वायू सुटतच असतात, आणि आपण त्यांना जाळणारी हवाच बंद केलेली असते. धग कमी हवी असेल तर हवा दाबू नका, लाकूड कमी घाला. छोटा जाळ, पण पूर्ण पेटलेला. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा धूर जातो असा माझा अनुभव आहे.

आणि इथे वर्कशॉपचं लाकूड उलट सोयीचं पडतं. मनगटाएवढे, हातभर लांबीचे तुकडे आधीच कापलेले असतात, एका वेळी दोन-तीन घालायचे, ते पेटले की पंधरा-वीस मिनिटांनी परत दोन. काकांचं म्हणणं होतं की मग माणूस भट्टीजवळून हलू शकत नाही, आणि ते खरंच आहे, जागचं उठता येत नाही. पण गाळलेल्या दारूच्या धारेकडे बघायला माणूस बसलेलाच असतो ना.

भट्टीतही थोडे बदल केले. पूर्वी लाकूड थेट जमिनीवर राखेत जळायचं, आता चिऱ्यांवर लोखंडी सळ्यांची जाळी टाकली, खालून हवा मिळते. मागच्या भिंतीत जाळाच्या थोडं वर लोखंडी पाइपचे तुकडे बसवून भोकं ठेवली, त्यातून येणारी हवा भिंतीत तापून येते आणि वर सुटलेले वायू तिथे पेटतात, अंधार पडल्यावर बघितलं तर त्या भोकांपाशी वेगळ्या ज्वाळा दिसतात, बघायला फार बरं वाटतं. तिसरं म्हणजे भाण वीतभर वर उचललं. हे मला उशिरा कळलं. आत रस उकळत असतो म्हणून तांब्याचा तळ जाळाच्या मानाने एकदम थंड, शंभर डिग्रीच्या आसपासच, अर्धवट जळलेली ज्वाळा त्याला टेकली की तिथेच विझते आणि काजळी धरते. म्हणजे ज्वाळा पूर्ण जळून संपायला मध्ये अंतर पाहिजे, तळाला लागायची ती गरम हवा. धुराडंही उंच केलं, गरम आणि उंच धुराडं चांगलं खेचतं, फक्त दर सीझनआधी आतलं डांबर खरवडून काढायलाच हवं, नाहीतर ते पेट घेतं.

पेटवायची पद्धत पण बदलली. जाड तुकडे खाली, बारीक वर, आणि सगळ्यात वर ढलप्या आणि नारळाची सुकी सोडणं, आग वरून लावायची. खालून सुटणारे वायू वरच्या जाळातूनच जातात आणि जळतात. भुसा मात्र जाळावर फेकायचा नाही, एक तर धुमसतो नाहीतर उडून एकदम भडका घेतो, आणि जिथे शेजारी फेणीची धार पडते तिथे भडका आणि ठिणग्या म्हणजे जिवाशी खेळ. माझा सगळा भुसा आता घरी भुशाच्या शेगडीत जातो, मधे बाटली उभी धरून दाबून भरायचा ती.

ओलाव्याचं काय ते सांगतो. ताजं तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असतं, जळणाला २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. दहा किलो लाकडात ४० टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी भट्टीतच उकळवायचं, त्याला लागणारी उष्णता म्हणाल तर पाऊण किलो सुक्या लाकडाएवढीसुद्धा नाही, पण मुद्दा तो नाहीच, त्या वाफेने जाळाचं तापमान उतरतं आणि वायू जळायचे थांबतात. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच एवढी दमट असते की छपराखालचं लाकूडही त्या दिवसांत सुकत नाही, म्हणून मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच सुकवायचे महिने धरतो. चिऱ्यांवर उचलून, फटी ठेवून रचायचं, वर पत्रा, बाजू मोकळ्या. एक तुकडा खूण करून दर आठवड्याला किचनच्या काट्यावर ठेवतो, वजन उतरायचं थांबलं की समजायचं सुकलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला पाहिजे, ओलं असेल तर बद्द वाजतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. वर्कशॉपचं सगळं लाकूड हे लाकूड नसतं. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, वर मायका, कडेला पीव्हीसीची पट्टी. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. जुन्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं. हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं लाकूड असेल तर त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, आणि आर्सेनिक राखेतही राहतं. यातलं काहीच चांगल्या भट्टीने सुधारत नाही, धूर दिसला नाही तरी विष असतंच. मी इतकी वर्षं हे सगळं न बघता देत होतो, त्या शेजारच्या दमा असलेल्या आजींच्या दारात. आता वर्कशॉपमध्ये दोन वेगळे पिंप आहेत, फक्त साधं रंधलेलं लाकूड, सागवान, फणस, किंदळ, एवढंच भट्टीला जातं.

वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांकडून पॅलेट येतात त्यांच्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे फक्त उष्णता दिलेली, ती चालतात, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नको. चालणारी पाइनची असली तरी उडतात फार, ठिणग्या मारतात, म्हणून ती मी भाताच्या पेजेच्या चुलीला ठेवतो. आणि जुन्या होड्यांचं लाकूड कुणी देत असेल तर घेऊ नका. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजलेल्या लाकडात क्लोराइड असतं, जळताना त्यातूनही डायॉक्सिन होतात.

यंदाची राख काका माडांच्या मुळात घालतायत. गेल्या वर्षीची, त्या मिसळ लाकडाची, अजून पोत्यात बांधून बाजूला ठेवलीय, ती बागेत कुठेच टाकायची नाही असं ठरलंय. आणि परवा संध्याकाळी भट्टी चालू असताना आजी अंगणात बसून कोकमं फोडत होत्या.