पाणी आले, ओके

परवा आईचा फोन. "अरे, कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस शिरलेत म्हणून कोपऱ्यातून मघापासून कोणीतरी सांगतंय. आणि मी काहीही केलेलं नाही हं."

शेवटच्या वाक्यावरून आरोपी कळला. रविवारी मुलुंडला गेलो. कोपऱ्यात खरंच एक पट्टी सरकत वर येत होती, लाल चिन्हासकट. व्हायरस वगैरे काही नव्हता. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडल्यावर असे निरोप धाडायची परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसते. आईच्या यादीत अकरा जण होते. पुरणपोळीवाले, पंचांगवाले, गुडघेदुखीवाले आणि एक असा, ज्याचं नाव मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं होतं. ओरडणारा तोच.

"तू याला अलाऊ केलंस."

"त्याने विचारलं. घरी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकराही जणांना काढलं, चहा घेतला. पण ट्रेनमध्ये बसल्यावर आमचं जुनं दुखणं आठवलं. ते निदान विचारायच्या भानगडीत पडत नसे.

२००२ च्या दिवाळीत आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला. विंडोज एक्सपी, मॉनिटरवर आईने विणलेलं क्रोशाचं आवरण, आणि डायलअप. इंटरनेट चालू म्हणजे फोन बंद, म्हणून रात्री दहानंतरच. एका रात्री बाबा शेअरचे भाव बघत असताना स्क्रीनच्या मधोमध एक करडी चौकट उगवली. वर 'मेसेंजर सर्व्हिस', खाली अमक्याकडून तमक्याला, तारीख, वेळ, आणि मग मजकूर: नामांकित विद्यापीठाची पदवी घरबसल्या मिळवा, अभ्यास नको, परीक्षा नको. त्याखाली एकच बटण, ओके. नाही म्हणायची सोयच नव्हती.

मला तेव्हा दोन विषयांत एटीकेटी होती. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "यांना तुझा निकाल कळला कसा?"

मग रोजच सुरू झालं. पदवीवाले आले, कर्जवाले आले, आणि त्यानंतर आले सगळ्यांत बिलंदर. त्यांची चौकट म्हणायची, तुम्हाला अशा चौकटी दिसतायत म्हणजे तुमचा कॉम्प्युटर उघडा आहे, त्या बंद करणारा आमचा प्रोग्रॅम विकत घ्या. रस्त्यावर खिळे पसरायचे आणि पुढच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान टाकायचं, त्यातला प्रकार. पुढे २००३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी खात्याने, हाच उद्योग करणाऱ्या एका कंपनीला कोर्टात खेचलं. बाबांना ती बातमी दाखवली तेव्हा त्यांना एटीकेटी सुटल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

इलाज मी हाती घेतला आणि भलत्याच माणसाला पकडलं. घड्याळाशेजारी एक छोटा बाहुला बसलेला असायचा, 'विंडोज मेसेंजर'. आउटलुक एक्स्प्रेस उघडलं की न बोलावता हा जागा व्हायचा. नाव मेसेंजर, बसतोय आमच्याच घरात, म्हणजे संशयाला जागाच नाही. पण काढून टाकायच्या प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. विंडोजच्या पोटात 'सिसओसी' नावाची एक फाइल होती, तिच्यात या महाशयांच्या ओळीपुढे चक्क 'हाइड' असं लिहिलेलं. तो शब्द खोडला की ते यादीत दिसणार. हे कळायला मला अर्धी रात्र लागली. पहाटे दोन वाजता बाहुल्याला हाकलून मी विजयी मुद्रेने झोपलो. दुसऱ्या रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी पदवीवाले हजर.

कारण मेसेंजर वेगळा आणि मेसेंजर सर्व्हिस वेगळी. ही दुसरी मंडळी ऑफिसातली. तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस काळ्या खिडकीत 'नेट सेंड' टाइप करून सगळ्यांना निरोप धाडायचा, की सर्व्हर बंद होतोय, कामं सेव्ह करा. एवढ्यासाठी ती सोय. घरच्या एक्सपीत तिचं काय काम होतं देव जाणे, पण ती आपोआप चालू असायची, आणि बाहेरच्यांना दारातच अडवणारी आतली फायरवॉल मात्र बंद. त्यामुळे जगातला कोणीही येऊन आमच्या दिवाणखान्यात दवंडी पिटून जात होता.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत केबलचं इंटरनेट आलं. केबलवाल्याच्या पोरांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर फेकली, जिन्यातल्या मीटरबॉक्सशेजारी एक डबी ठोकली आणि पावसाळ्यासाठी आधीच तिला दुधाची पिशवी बांधली. ६४ केबीपीएस, आणि फोन मोकळा. जाहिराती एकदम थांबल्या. मी श्रेय बाहुल्याला हाकलण्याला दिलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चौकट आली. रोमन अक्षरांत दोनच शब्द. बाबांनी अडखळत वाचलं, "पनी एल. कोण रे हा? इटालियन दिसतोय."

मी वाचलं: पाणी आले.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. त्या मेमध्ये पाण्याची बोंब होती. टाकीत जेवढं साठेल तेवढं संध्याकाळी अर्धा तास सोडायचे, पण नक्की कधी ते पंपवाल्यालाही माहीत नसायचं. सेक्रेटरींच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला नेट सेंडचा शोध लागला होता. एका वायरवरच्या पाच बिल्डिंगी म्हणजे त्याच्या दृष्टीने एक ऑफिसच. चौकट आली की आई पिंप धुवायला घ्यायची आणि बाबा ओके दाबायचे. आपण ओके दाबल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, असा त्यांचा बहुधा समज होता. एकच अडचण होती. निरोप पाचही बिल्डिंगींत जायचा आणि पाणी फक्त आमच्याकडे यायचं. समोरच्या आजींनी दोन संध्याकाळी कोरड्या नळाखाली बादली धरली आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरून येऊन सेक्रेटरींना जाब विचारला.

पोराचं बघून बाकीची पोरं शिकली. मग गल्लीच स्क्रीनवर आली. 'क्रिकेटला चला.' 'नोट्स कोणाकडे आहेत.' 'बबड्या डुक्कर आहे.' बाबा अर्ज टाइप करताना दर दोन ओळींनी बबड्या. शेवटी ते म्हणाले, "याचा बंदोबस्त कर, नाहीतर मी वायर कापतो."

या वेळी बरोबर माणूस धरला. रनमध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी', लांबलचक यादीत मेसेंजर, स्टॉप, डिसेबल्ड. दोन मिनिटांचं काम. स्क्रीनवर अशी शांतता पसरली की बाबांनी तो अर्ज एका बैठकीत पुरा केला. बाहेर आले तर आई रिकाम्या पिंपाकडे बघत उभी. पाणी येऊन गेलं होतं.

"तुमच्या बंदोबस्ताने भात शिजवा आता," एवढंच म्हणाली.

'डुक्कर' नको, 'पाणी' हवं, अशी निवड करायची सोय त्या यादीत नव्हती. दोघं एकाच दारातून येत. मग बाबांनी तह केला. मी सर्व्हिस 'मॅन्युअल'वर ठेवून दिली आणि त्यांना काळ्या खिडकीतल्या दोन आज्ञा शिकवल्या. साडेसहाला 'नेट स्टार्ट मेसेंजर', आठला 'नेट स्टॉप मेसेंजर'. कालनिर्णयच्या समासात, गॅसच्या नंबराच्या तारखेखाली, त्यांनी त्या पेन्सिलीने लिहून ठेवल्या. दीड तास बबड्याला सहन करायचं, त्या बदल्यात अर्धा तास पाणी. शेअरबाजारात यापेक्षा वाईट सौदे त्यांनी केले होते.

२००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक टू, म्हणजे विंडोजची मोठी डागडुजी, निघाला. त्याने फायरवॉल चालू केली आणि मेसेंजर सर्व्हिस बंद. माझ्या मित्राने आणलेली सीडी एकेक करत पाचही बिल्डिंगींत फिरली. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि टाक्या काठोकाठ भरलेल्या.

लक्षात आलं ते पुढच्या मेमध्ये. साडेसहाला बाबांनी सवयीने 'नेट स्टार्ट' लिहिलं तर कॉम्प्युटर चालू करायला तयार होईना. त्यांनी मला हाक मारली, मी येऊन बघतोय तोवर खालून दुसरीच हाक आली. सेक्रेटरींचा मुलगा, आता मिशी फुटलेला, कंपाउंडच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "पाणीऽऽ आलंऽऽ!"

आई पिंपाकडे धावली. बाबांनी खिडकीतून वाकून त्याला हात केला आणि म्हणाले, "ओके!"