तुम्ही विचारलंत म्हणून : रॅम गेली का टीव्ही?

'काय ओ, पंखा फिरतोय, लाईट पण लागल्यात, टीव्हीवर मात्र काहीच नाही. रॅम गेली का टीव्ही गेला?' टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यापैकी कोणाचा ना कोणाचा हा फोन मला येतोच. पावसाळ्यात जरा जास्त. बेळगावातून येतो, खानापूरकडून येतो, निपाणीहूनही येतो. फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

आधी हे ठरवा की मशीन चालूच झालेलं नाही, की ते व्यवस्थित चालू आहे आणि फक्त चित्र टीव्हीपर्यंत पोचत नाही. ह्यासाठी काही उघडावं लागत नाही. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे. मग रॅमला, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीला, हात लावू नका, केबल आणि टीव्हीकडे बघा. कितीही वेळा दाबून दिव्यात फरक पडत नसेल तर मशीन सुरुवातीलाच अडलंय, आणि तिथं पहिला संशय रॅमवर. सोफ्यावर बसून वापरायच्या वायरलेस कीबोर्डांना बहुधा हा दिवाच नसतो. जुना वायरचा कीबोर्ड कपाटात असेल तर तो भंगारात देऊ नका.

दिवा लागतोय असं धरून चालू. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज टीव्हीकडे जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच केबलमधून टीव्हीही कॉम्प्युटरला सांगत असतो की मी अमुक टीव्ही आहे, मला एवढं रिझोल्युशन झेपतं. ह्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. ती मिळाली नाही तर कॉम्प्युटर एक तर चित्र पाठवतच नाही, नाहीतर अगदी कमी रिझोल्युशनचं पाठवतो. आपल्याकडे हे घडतं ते लाईट जाऊन आल्यावर. बऱ्याच मशीनमध्ये लाईट आली की आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं. कॉम्प्युटर सुरू होतो, टीव्ही मात्र रिमोटची वाट बघत बसलेला असतो. मध्ये ॲम्प्लिफायर असेल आणि तो बंद असेल तर आणखी घोळ. म्हणून आधी टीव्ही, मग ॲम्प्लिफायर, शेवटी कॉम्प्युटर, हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मशीन आधीच सुरू झालं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बहुतेक वेळा एक बीपही ऐकू येतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच चित्र येतं. नाहीच आलं तर विंडोज आणि पी दाबून पडदा बदलून बघा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला लावायची, मदरबोर्डच्या नाही. साफसफाईनंतर ही केबल चुकीच्या जागी गेलेली असते, हे मी आता फोनवरच विचारतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष कॉम्प्युटरचा नाही, टीव्हीच्या मेन्यूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. फोर-के टीव्हीवर माऊस अडखळत चालत असेल तर कुठलं तरी पोर्ट किंवा केबल एचडीएमआय १.४ च्या काळातली असणार. त्यावर फोर-के सेकंदाला ३० चित्रांच्या पुढे जात नाही, ६० साठी २.० लागतं.

आता अर्थिंगचं. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण ह्यात खरोखर वस्तू जळतात. बेळगावातल्या शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरांत अजून दोन पिनांची सॉकेटं आहेत, आणि तीन पिनांची असली तरी मागे अर्थची तार जोडलेली असेलच असं नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे सगळा लोखंडी डबा मेन्सच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात, 'थोडा शॉक लागतो, पण चालतंय की.' नाही चालत. तिकडे टीव्हीला डिशची तार जोडलेली असते, तिची पातळी वेगळी. अशा दोन वस्तूंमध्ये चालू असताना एचडीएमआय खोचलात तर तो फरक पोर्टमधल्या नाजूक चिपवर पडू शकतो. पोर्ट गेलं की कॅप्स लॉक लागतं, चित्र मात्र कायमचं जातं. केबल लावायची किंवा काढायची असेल तेव्हा दोन्ही प्लग भिंतीतून काढा, डिशची तारही सोडवा. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. नव्या मदरबोर्डच्या मानानं तो खर्च काहीच नाही.

कॅप्स लॉक लागतच नसेल तर मात्र डबा उघडायचा. प्लग काढा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मगच रॅमला. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांत भिंतीसुद्धा ओल्या असतात. तिकडची रॅम बाहेर काढली की खालच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट पातळ थर दिसतो, प्रकाशात तिरकी धरली तर जास्त स्पष्ट. वडगावात ज्यांच्या घरातच माग आहे, त्यांच्याकडे वेगळीच गंमत: पंख्यावर तंतूंची अख्खी घडी बसलेली असते, आणि रॅमच्या खाचेत सुताचे बारीक तुकडे. आधी मऊ ब्रशनं खाच साफ करा. पट्ट्यांसाठी सगळे खोडरबर वापरतात, आणि काम होतंही, पण रबरानं सोन्याचा मुलामा घासला जातो आणि त्याचा चुरा खाचेत पडतो. माझं मत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड ह्याच बाजूनं आहे.

परत बसवताना रॅमची एकच पट्टी बसवा आणि सुरू करून बघा. मग ती काढून दुसरी. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, पुस्तिकेत बघून खात्री करा. 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबायचं, पण खाच जुळत नसेल तर जोर करू नका: डीडीआर३ पिढीच्या रॅमला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, मधली खूण वेगळ्या जागी असते. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीनला वेळ लागतो, डीडीआर५ मध्ये तर काही मिनिटंसुद्धा. तेवढ्यात घाबरून बंद करू नका.

खरं तर काळा पडदा परवडला. त्यात काही नासत नाही. मला जास्त काळजी वाटते ती पडदा छान दिसत असताना आतून बिघडलेल्या रॅमची. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्रही त्याच रॅममध्ये तयार होतं. त्यामुळे टीव्हीवर मध्येच रंगीत ठिपके, चौकोन दिसले की लोक टीव्हीला दोष देतात. आणि ह्याच कॉम्प्युटरवर आपल्या लोकांनी लग्नाच्या जुन्या कॅसेटी, गावच्या जत्रेचं शूटिंग, आता नसलेल्या आजोबांचा आवाज उतरवून ठेवलाय. फाईल कॉपी होताना रॅममधून जाते. तिथं एखादा बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण, उलटला तर घरगुती मशीन काही बोलत नाही, कारण चूक पकडणारी ईसीसी रॅम त्यात नसते. हिंडलग्याच्या एका घरी एकाच लग्नाच्या दोन कॉप्या वेगवेगळ्या जागी तुटत होत्या. मूळ फाईल चांगली होती.

असा जरा जरी संशय आला तरी कॉपी करणं थांबवा. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राईव्हवर घाला, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्री लावून ठेवा. इन्व्हर्टरवर लावलात तर बरं. सकाळी चुकांचा आकडा शून्य हवा. 'दोन-तीनच आहेत' हे चालत नाही. चुका आल्या तर एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचेत तपासा: चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, खाचेजवळच राहिली तर बोर्ड. रॅमवर पुष्कळदा मोठी वॉरंटी असते, तेव्हा दुकानात जाण्याआधी बिल शोधा. आणि त्या दिवसांत केलेल्या कॉप्या मूळ कॅसेटवरून पुन्हा करा. कॅसेट अजून टाकली नसेल तर टाकू नका.