गणपती पेठेतला फुगलेला स्क्रीन

सांगलीच्या गणपती पेठेत आण्णांचं किराण्याचं ठोक दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला विंडोज ११ चालणार नव्हतं. टॅलीचं काम अकाउंटंटकडे, दुकानात फक्त ब्राउझरमधलं बिलिंग. म्हणून विश्रामबागला माझ्याकडे मशीन आणलं, जुनी हार्ड डिस्क बाजूला ठेवली, एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) लावून लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. वॉलपेपरला सांगलीचा गणपती. सगळं झकास.

पेठेत नेऊन जोडलं, तर अक्षरं जाडजूड, खालची पट्टी ढबळी.

"काय रं हे? गणपती आडवा सुटलाय की!" आण्णा म्हणाले. "फुकटातलं हाय म्हणून असं का?"

गिऱ्हाइकं उभी होती. आधी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एक्सरँडर, म्हणजे पडद्याची माहिती दाखवणारी आणि रिझोल्यूशन बदलणारी आज्ञा, चालवली. मॉनिटर जोडलेला दिसत होता, पण सगळ्यात मोठं रिझोल्यूशन (आडवे आणि उभे ठिपके) १०२४ बाय ७६८, आणि पडद्याचा आकार शून्य मिलिमीटर बाय शून्य मिलिमीटर. मॉनिटर १६०० बाय ९०० चा. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जात होतं.

त्या शून्यातच सगळं आलं. मॉनिटर आपली कंपनी, आकार, कुठली रिझोल्यूशन्स चालतात हे १२८ बाइटच्या एका तुकड्यात कॉम्प्युटरला कळवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. तो वाचता आला नाही तर लिनक्स अंदाजाने मोठं काही पाठवत नाही, १०२४ बाय ७६८ वर थांबतं. मला हे वागणं शहाणपणाचं वाटतं, गिऱ्हाइकाला अर्थातच वाटत नाही. सिस्टिममधली ईडीआयडीची फाइल पाहिली, शून्य बाइट.

बिलं अडली होती म्हणून सीव्हीटी या आज्ञेने १६०० बाय ९०० ची मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या सिग्नलचे आकडे असलेली ओळ, काढली (११८.२५ मेगाहर्ट्झ) आणि एक्सरँडरला दिली. चित्र जाग्यावर आलं, जरा डावीकडे सरकलेलं. मॉनिटरचं ऑटो बटण दाबल्यावर तेही बसलं. आण्णा खूश. पण ही सोय रीस्टार्टनंतर राहत नाही. ती स्टार्टअपला टाकता येते, आणि बरेच जण तेवढंच करून पैसे घेऊन निघतात.

माझ्याकडे मशीन एचडीएमआय केबलवर चाललं होतं, इथं व्हीजीए या जुन्या पंधरा पिनांच्या केबलवर. म्हणजे दोष पोर्ट, केबल किंवा मॉनिटरमध्ये. शेजारच्या दुकानातली व्हीजीए केबल मागून आणली, लावली, रीस्टार्ट केलं. १६०० बाय ९०० आपोआप.

मग जुन्या केबलीची एकेक तार तुटली आहे का ते पाहायला मल्टिमीटर काढला; तार सलग असली की तो बीप देतो. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींना नसतेच, त्यावरून केबल खराब ठरवू नये. ईडीआयडी येतो १२ आणि १५ वरून. १५ ला बीप आला, १२ ला नाही. लाल, हिरवा, निळा रंग १, २, ३ वरून आणि सिंक (चित्र जाग्यावर धरणारा इशारा) १३, १४ वरून जातं. त्या तारा शाबूत, म्हणून चित्राच्या रंगात काही दोष नव्हता.

"ही केबल महापुरातली," आण्णांच्या पोरानं सांगितलं. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडलं तेव्हा सीपीयू आणि मॉनिटर माळ्यावर गेले, केबली खालीच राहिल्या. नंतर उन्हात वाळवून परत जोडल्या.

"मग विंडोजमध्ये कसं नीट दिसायचं?" आण्णांचा सवाल रास्त होता. जुनी हार्ड डिस्क आणि तीच जुनी केबल लावून दाखवलं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचं नाव 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर', म्हणजे स्वतःची ओळख न देणारा कुठलातरी मॉनिटर. तिथंही ओळख पटत नव्हती. कुणीतरी रिझोल्यूशन हातानं लावून ठेवलं होतं.

नवी केबल लावली, मोडलाइन काढून टाकली. आण्णा जुनी केबल गल्ल्याखालच्या खणात ठेवायला निघाले, "असू दे, कधी लागली तर." मी ती मागून घेतली आणि कटरनं मधोमध तोडली. त्यांना ते फारसं रुचलं नाही.